साडेतीन मिनिटांचा सत्कार: एका हायस्कूल बास्केटबॉल पंचाच्या निरोपाचे प्रकरण

खेळाडूचा सत्कार त्याची शाळा करते, प्रशिक्षकाचा त्याचे गाव करते. पंचाचा सत्कार कोणी करायचा, हे अमेरिकेतल्या हायस्कूल बास्केटबॉलमध्ये दर हिवाळ्यात कुठे ना कुठे अडते. यजमान शाळेने केला तर त्याच संध्याकाळी तो त्या शाळेचा माणूस दिसतो. कोणीच केला नाही तर तीस-चाळीस वर्षे शिट्टी वाजवलेला माणूस एका रात्री बॅग उचलून गाडीत बसतो आणि पुढच्या मोसमात त्याचे नाव यादीत नसते, एवढेच.

खाली मांडलेले प्रकरण नमुन्यादाखल बांधलेले आहे. त्यात गावाचे, शाळेचे, माणसाचे नाव नाही आणि सामन्यांचे व पैशांचे आकडे या प्रकरणापुरते आहेत. नियम मात्र खरे आहेत. राज्यांच्या शालेय क्रीडा संघटनांचा राष्ट्रीय महासंघ, म्हणजे एनएफएचएस, इंडियानापोलिसहून हायस्कूलची नियमावली काढतो. बहुतेक राज्ये तीच वापरतात.

माणूस आणि मागणी

मध्यपश्चिमेतल्या एका राज्यातले 61 वर्षांचे पंच. दिवसा वेगळी नोकरी, संध्याकाळी शिट्टी. तिकडचे हायस्कूलचे बहुतेक पंच असेच असतात, मानधन सामन्यागणिक. पहिला मोसम 1987-88. त्याच मोसमात हायस्कूलच्या नियमांत तीन गुणांची रेषा आली. त्याच वर्षी कॅनडाचे पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांची आत गोळी नसलेली फॉक्स 40 शिट्टी बाजारात आली. जुन्या शिट्टीत जोरात फुंकले की गोळी अडकायची आणि ऐन मोक्याला नुसती हवा निघायची. या पंचांनी पहिले काही महिने गोळीची शिट्टी वापरली आणि मग बदलली. दोघांच्या जोडीने सामना सांभाळायची सवय मोडून तिघांच्या पद्धतीत यावे लागले. शेवटी शेवटी, 2023-24 पासून, संघाचे फाउल अर्ध्या सामन्याऐवजी प्रत्येक क्वार्टरला नव्याने मोजायचे आणि पाचव्या फाउलपासून थेट दोन फ्री थ्रो द्यायचे, हा बदल आला. पहिला फ्री थ्रो पडला तरच दुसरा, ही जुनी रीत गेली. छत्तीस वर्षे बोटांवर बसलेली मोजणी त्यांना साठीत पुन्हा शिकावी लागली.

गुडघ्यांमुळे त्यांनी 2024-25 नंतर थांबायचे ठरवले, बाद फेरीचे सामनेही नकोत असे राज्य संघटनेला कळवले आणि स्थानिक पंच संघटनेच्या सचिवांना सांगितले, "काही करू नका." संघटनेला मात्र काहीतरी करायचे होते, आणि कारण फक्त आपुलकीचे नव्हते. एनएफएचएसच्या हिशेबाने 2018-19 ते 2021-22 या काळात देशभर हायस्कूल स्तरावरचे सुमारे 50,000 पंच कमी झाले. नवे पंच पहिल्या दोन-तीन मोसमांतच सोडतात, बहुधा प्रेक्षकांच्या आणि पालकांच्या शिव्यांना कंटाळून. त्या प्रेक्षकांसमोरच पंचाला दोन मिनिटे मान मिळावा, हा हेतू होता. त्यामुळे संघटनेच्या बंद दालनातले जेवण हा सोपा मार्ग बाजूला पडला. आमच्या मते तो पूर्णपणे टाकून द्यायला नको होता. त्याकडे पुढे येतो.

चार हजार की सोळाशे

पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणाले, "चार हजार सामने तरी झाले असतील." हा आकडा फलकावर कोरायची तयारीही झाली होती. सचिवांनी तो थांबवला, आणि या प्रकरणात सर्वांत नीट झालेले काम तेच.

पंचाच्या सामन्यांची नोंद एका जागी नसते. राज्य संघटनेकडे असते ती फक्त वर्षागणिक नोंदणी. सामने वाटण्याचे काम संगणकावर गेल्यापासूनची नेमणूक-यादी मिळते. इथे ती 2007-08 पासूनच्या 18 मोसमांची होती आणि जानेवारीअखेर तिच्यात 911 नेमणुका दिसत होत्या. पण नेमणूक म्हणजे सामना नव्हे. बर्फामुळे रद्द झालेला सामना यादीत तसाच राहतो, पुन्हा खेळवला की दुसऱ्यांदा येतो, आणि ऐन वेळी बदली दिली तरी मूळ नाव कधी कधी पुसले जात नाही. मानधनाच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर 74 नेमणुका गळाल्या. उरले 837.

त्याआधीच्या 14 मोसमांच्या खिशातल्या डायऱ्या पंचांच्या पत्नीने जपून ठेवल्या होत्या, तारीख, गाव, मैल आणि मानधन यांच्यासह. मैल लिहिले होते ते कराच्या विवरणासाठी. त्यातून 806 मिळाले. त्या 14 पैकी एका मोसमाची डायरी कोरी होती: गुडघ्याची शस्त्रक्रिया. पहिल्या 6 मोसमांचा कागदच नाही. दोन शाळांकडे तेव्हाच्या स्कोअरबुका निघाल्या. स्कोअरबुकात पंचांच्या नावांसाठी जागा असते, पण ती निम्म्या वेळा रिकामी सोडलेली. तेवढ्यावरून एकूण काढणे म्हणजे अंदाजच झाला असता, म्हणून ते सहा मोसम आकड्यात घेतलेच नाहीत.

नोंदलेले सामने 1643. एकाच संध्याकाळी ज्युनियर व्हार्सिटी (शाळेचा दुय्यम संघ) आणि व्हार्सिटी (मुख्य संघ) असे दोन सामने केले तर ते दोन मोजले. उन्हाळी लीग आणि लहान मुलांच्या शनिवार-रविवारच्या स्पर्धा वगळल्या. चार हजारांचा आकडा तिथून आला होता: एका दिवसात सहा-सहा सामने.

वर्षांचाही घोळ होता. नोंदणी 38 मोसमांची, प्रत्यक्ष मैदानावर 37. "38 वर्षे सेवा" असे कोरले असते तर शस्त्रक्रियेच्या हिवाळ्यात त्यांच्या बदली धावलेल्यांनी ते वाचून हसून घेतले असते. शेवटी शब्द ठरले: "नोंदणीकृत पंच, 1987-88 ते 2024-25". सामन्यांचा आकडा फलकावर घालायचाच नाही, कारण मोसम अजून संपलेला नव्हता. खाली पितळी पट्टीपुरती जागा रिकामी ठेवायची.

कुठली संध्याकाळ

सामने वाटणाऱ्या अधिकाऱ्याने फेब्रुवारीतल्या सहा तारखा समोर ठेवल्या. त्यातून पाच गेल्या. दोन ठिकाणी शेवटच्या वर्षाच्या मुलांचा निरोप होता; ती रात्र त्या मुलांची आणि त्यांच्या आईवडिलांची, तिथे पंचाला मध्ये आणणे म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात आपली मुंज उरकणे. एक सामना हाडवैर असलेल्या दोन गावांचा होता. एकावर विभागाचे विजेतेपद ठरणार होते. पाचवी शाळा त्यांची स्वतःची, जिथे ते शिकले. अशा शाळेचे सामने ते एरवीही घेत नसत. उरला तो मंगळवारचा, गुणतक्त्याच्या मध्यावरच्या दोन संघांचा सामना. सहाला ज्युनियर व्हार्सिटी, साडेसातला व्हार्सिटी.

पाहुण्या शाळेला दहा दिवस आधी पत्र गेले आणि त्यांच्या क्रीडा संचालकालाही मैदानावर उभे राहायचे आमंत्रण दिले. या एका गोष्टीने पुढचे बरेच निभावले. फलक देणार पंच संघटनेचे अध्यक्ष; एका बाजूला यजमान संचालक, दुसऱ्या बाजूला पाहुणे, दोघेही फक्त टाळ्या वाजवणार. यजमान शाळेची जर्सी द्यायची नाही, यजमान संघाच्या सह्यांचा चेंडू द्यायचा नाही, रोख किंवा धनादेश तर मुळीच नाही. जर्सी हातात धरलेला एक फोटो पुढे कधीही, कुठल्याही वादात बाहेर निघू शकतो. पैसे संघटनेच्या सभासदांचे: 46 जणांचे पाच-पाच डॉलर, म्हणजे 230. चौकट 165, फलक आणि पट्टी 28, छपाई 19. उरलेले 18 नव्या पंचांच्या शिट्ट्यांच्या खात्यात.

चौकटीत त्यांचाच जुना काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, बाहीवरची राज्याची खूण दिसेल अशी घडी घालून, आणि दोरीसकट शिट्टी. शिट्टी मावायची तर चौकट दोन इंच खोल हवी. साध्या फोटोफ्रेमच्या दुकानात ती मिळत नाही, तीन आठवडे धरून चालावे. समोर काच नको, ॲक्रिलिक हवे. लाकडी कोर्टावर काच फुटली तर सामना तासभर लांबतो, आणि बारीक कण फटीत राहिले की रद्दच. शर्ट धुऊन द्यायचा की तसाच, यावर संघटनेत प्रामाणिक वाद झाला. धुऊन दिला. घामाचे डाग बंद चौकटीत पिवळे पडतात.

मिनिटांचा कागद

वेळेसाठी तीन जागा होत्या. मध्यंतर 10 मिनिटांचे असते; खास कार्यक्रमासाठी ते 15 पर्यंत नेता येते, पण पाहुण्या संघाला सामन्याआधी कळवावे लागते. अडचण वेगळीच आहे: पहिल्या अर्ध्यात एखादा निर्णय झोंबला असेल तर सत्काराच्या माइकवर हुर्यो ऐकू येते. सामना संपल्यानंतर पंचांनी थेट मैदान सोडायचे असते. हरलेल्या बाजूसमोर त्यांना पुन्हा बोलावणे सरळ धोक्याचे. राहिली सामन्याआधीची फट.

तिथे नियमाची रेघ स्पष्ट आहे. पंचांचा अंमल ते मैदानावर आल्यापासून सुरू होतो आणि त्यांनी सामन्याच्या वेळेआधी किमान 15 मिनिटे यायचे असते. सरावात कोणी डंक मारला, म्हणजे उडी घेऊन चेंडू वरून रिंगमध्ये कोंबला, किंवा रिंगला लटकले तर तो टेक्निकल फाउल, म्हणजे धक्काबुक्कीचा नव्हे तर नियमभंगाचा दंड, म्हणून त्यांचे डोळे तिथे हवेत. दुसरी रेघ 10 मिनिटांची: तोवर प्रत्येक संघाने खेळाडूंची नावे, क्रमांक आणि सुरुवातीचे पाच जण स्कोअररकडे दिलेले असले पाहिजेत. नाही दिले तर प्रशासकीय टेक्निकल, म्हणजे समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो आणि वर चेंडूही.

सत्कार 15 च्या आधी संपला पाहिजे. ज्युनियर सामना संपताच बोर्डवर 20:00 लावून घड्याळ उलटे सोडायचे; पुढचे आकडे या घड्याळावर उरलेल्या मिनिटांचे. 19:00 ला तिघे पंच मध्यवर्तुळात. 18:45 पासून निवेदक दीड मिनिटाचा मजकूर वाचणार. 17:15 ला चौकट, एक फोटो. 16:15 ला सगळे बाहेर. बोलावल्यापासून पावणेतीन मिनिटे, मागेपुढे धरून साडेतीन. चौकट संघटनेचा एक ठरलेला माणूस पंचांच्या खोलीत नेऊन कुलूप लावणार. 12:00 ला मुख्य पंच, म्हणजे सत्कार झालेलेच, स्कोअर टेबलावर, स्कोअरबुक तपासायला. हे तपासणे नियमाच्या धाकापेक्षा जास्त कामाचे असते: पाच जणांवर खुणा नसतील तर तिथेच प्रशिक्षकाला आठवण करून देता येते आणि टेक्निकलची वेळच येत नाही. चांगले पंच वर्षानुवर्षे हेच करतात, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

मजकुरात कुठल्याही जुन्या सामन्याचा उल्लेख नको, कारण प्रत्येक गाजलेला सामना कोणीतरी हरलेला असतो. पंचाच्या चष्म्यावरचे विनोद नकोत.

त्या रात्री

ज्युनियर सामना बरोबरीत सुटला आणि जादा वेळ द्यावा लागला. 7:08 ला संपायचा तो 7:19 ला संपला. यजमानांना स्थानिक रेडिओमुळे साडेसात गाठायचे होते. पंचांनी आणि दोन्ही संचालकांनी बोलून पूर्ण 20 मिनिटे द्यायचे ठरवले, नवी वेळ 7:39. इथवर सारे ठीक.

निवेदकाने मजकूर नीट वाचला. दोन्ही बाजूंचे प्रेक्षक उभे राहिले. चौकट दिली गेली, 16:30 झाले होते. मग शाळा-जिल्ह्याचे अधीक्षक, जे कागदावर कुठेच नव्हते, पुढे आले आणि निवेदकाकडून माइक घेतला. माइक दिसला की दोन शब्द बोलायची हुक्की फक्त आपल्या शाल-श्रीफळवाल्या पाहुण्यांनाच येते असे नाही. ते सव्वातीन मिनिटे बोलले, मनापासून बोलले, आणि त्यात एक वाक्य म्हणाले: "हे आपल्या गावाचे पंच आहेत." पाहुण्यांच्या बाजूच्या टाळ्या तिथे पातळ झाल्या.

13:15. यजमानांचा कर्णधार फुले घेऊन आला. फुले यादीत नव्हती, कोणा पालकाने आणली होती. ती धरायला यजमानांचा सहायक प्रशिक्षक पुढे झाला. पुस्तकात सुरुवातीच्या पाच जणांवर खुणा करायचे काम याच माणसाचे. फोटो झाले. 11:50. चौकट नेणारा माणूस भाषण लांबल्यावर बाकावर जाऊन बसला होता, त्याला वाटले अजून चालू आहे. चौकट स्कोअर टेबलाला टेकवून ठेवली गेली. टेबलापुढे टेकवलेली चौकट म्हणजे टायमरच्या, घड्याळ चालवणाऱ्याच्या, नजरेपुढे भिंत, आणि सरावातला पहिला सुटलेला चेंडू तिच्यावर. टायमरने ती हलवली, ती घसरली, शेवटी मुख्य पंचांनी स्वतः उचलली आणि खोलीत ठेवून आले. दोघे सहपंच सरावावर लक्ष ठेवून जागेवर होते. मुख्य पंच टेबलाशी पोहोचले तेव्हा बोर्डवर 9:50 होते.

पाहुण्यांचे पान पूर्ण होते. यजमानांची बारा नावे, बारा क्रमांक होते, आणि सुरुवातीच्या पाच जणांसमोर एकही खूण नव्हती. शेजारी पाहुण्या संघाचा स्कोअरर बसला होता. त्याने काही म्हटले नाही. फक्त बोर्डकडे पाहिले आणि पुन्हा पुस्तकाकडे.

त्यांनी टेक्निकल दिला. दोन्ही प्रशिक्षकांना बोलावून शांतपणे सांगितले. सामना मध्यावरच्या उडीने सुरू झालाच नाही: रिकाम्या लेनपुढे पाहुण्यांच्या एका मुलाने दोन फ्री थ्रो घेतले, पहिला पडला, दुसरा नाही, मग मध्यरेषेपासून चेंडू पाहुण्यांना. सोळा-सतरा मिनिटांपूर्वी उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्या बाकांवरून हुर्यो आली. यजमान प्रशिक्षक एक शब्द बोलले नाहीत. फुले अजून सहायकाच्या खुर्चीखाली होती.

चूक नेमकी कुठे

संघटनेत नंतर दोन मते पडली. काहींचे म्हणणे, दहा सेकंदांचा प्रश्न होता, गोंधळ सत्काराचाच होता, डोळेझाक करता आली असती. आम्हाला हे पटत नाही. 12:00 ला आठवण करून देणे हे पंचाचे कौशल्य आहे; 9:50 ला आठवण करून द्यायला काही उरलेले नसते. आणि त्या एका रात्री, "आपल्या गावाचे पंच" हे वाक्य हवेत असताना, यजमानांना दिलेली दहा सेकंदांची सूट पाहुण्यांच्या बाकांवर वर्षभर पुरली असती.

पण टेक्निकल बरोबर होता म्हणजे संध्याकाळ बरोबर झाली असे नाही. ज्याचा मान करायचा त्यालाच त्याच्या शेवटच्या मोसमात अशा पेचात टाकले गेले. कारणांची साखळी उलटी ओढत गेले की ती माइकपाशी थांबते. भाषण झाले नसते तर चौकट नेणारा जागेवर असता, सहायक प्रशिक्षक 14:00 ला पुस्तकाशी असता आणि मुख्य पंच 12:00 ला टेबलावर. कागदावर मिनिटे होती, ती मोडली तर घड्याळ कोण थांबवणार हे नव्हते. 15:00 ला सत्कार चालूच असेल तर बोर्डवरचे घड्याळ थांबवून सामना तेवढा पुढे ढकलता आला असता. तो निर्णय घ्यायला संचालक दोघेही मध्यवर्तुळात फोटोसाठी उभे होते. टेबलावर निर्णय घेणारे कोणीच नव्हते.

दुरुस्त केलेल्या कागदात चार बदल आहेत. माइक निवेदकाच्या हातून सुटायचा नाही, कोणीही मागितला तरी. बोलू इच्छिणाऱ्यांना संघटनेच्या जेवणाचे आमंत्रण आधीच द्यायचे, तिथे तासभर बोलावे. बंद दालनातले जेवण टाकून द्यायला नको होते ते यासाठी. दोन्ही संघांच्या सुरुवातीच्या पाच जणांच्या खुणा ज्युनियर सामन्याच्या चौथ्या क्वार्टरमध्येच घेऊन ठेवायच्या. पुढे बदल झाला तर 10 मिनिटांची रेघ येण्याआधी तो करता येतो. चौकट मैदानावर आणायचीच नाही, आणायचा तो हातात मावणारा फलक. चौकट जेवणाच्या वेळी. आणि एक जबाबदार माणूस टेबलापाशी, फोटोत नाही.

सत्कार झालेल्या पंचांनीच हा कागद पुढच्या मोसमासाठी तपासून दिला. पहिला बदल त्यांनी अधोरेखित केला, दुसऱ्यापुढे "आधी का नाही?" असे लिहिले.

त्या रात्रीसह मोसमात त्यांच्या नावावर आठ सामने उरले होते. पितळी पट्टी मार्चमध्ये कोरून आली: 1650. आठातला एक बर्फात रद्द झाला. नेमणुकांच्या यादीत तो अजून त्यांच्या नावावर आहे.